जळगावला भरीत सेंटरवर १२ जणांची ऑर्डर कशी द्यायची?

पातकांदा: डिसेंबरात पुण्याहून १२ जण जळगावला येतोय. आसोद्याच्या बाजूला रस्त्याकडेच्या भरीत सेंटरवर जेवायचा बेत आहे. तिथे ताटावर नाही, किलोवर हिशोब असतो म्हणे. किती सांगायचं? दोन लहान मुलं आहेत, त्यांचं तिखटाचं कसं? थोडं पार्सलही न्यायचंय.

तुराटी: किलो कशाचा, ते आधी विचारा. कच्च्या वांग्याचा की तयार भरिताचा? साल, देठ आणि भाजताना उडणारं पाणी धरलं तर वजनाचा तिसरा हिस्सा तरी जातो, त्यामुळे भाव ऐकून फसायला होतं. १२ जणांना कच्ची वांगी ३ किलो पुरे, पार्सलला वर १ किलो. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरी वेगळ्या सांगाव्या लागतात. दुपारी जेवायचं तर सकाळीच फोन करा. ऐनवेळी गेलात तर आधीच भाजून ठेवलेलं मिळतं.

बडगी_मुसळी: भरताचं वांगं हिरवं, पांढरट रेषांचं, मोठं. २०१६ साली जी.आय. (भौगोलिक मानांकन) मिळालं ते हेच. आकाराच्या मानानं हलकं लागलं की बिया कमी. जड, टणक वांगं जून निघतं आणि भरीत कडसर होतं. भाजण कशावर चाललंय ते पाहा. पऱ्हाट्या (कपाशीची वाळकी झाडं) किंवा तुराट्यांचा (तुरीच्या काटक्यांचा) जाळ भसकन पेटतो, साल करपते आणि धूर आतल्या गरापर्यंत जातो. गॅसवर तो वास येतच नाही. वांगं आधी टोचलेलं हवं, नाहीतर जाळात फुटतं. सोलताना कुणी नळाखाली धरत असेल तर तिथून उठा! सालीचे चार काळे कण राहिले तरी चालतील, पण धुतलं की चव पाण्याबरोबर गेली. ठेचायचं बडगीत, म्हणजे लाकडी खोलगट भांड्यात. मिक्सरमध्ये गराचे धागे तुटून चिकट लगदा होतो.

कळणं: मिरची आणि लसूण वांग्यासोबतच ठेचली जातात, तिखट नंतर कमी होत नाही. मुलांसाठी त्या ३ किलोतली अर्धा किलो वांगी बिनमिरचीची वेगळी ठेचायला सांगा, सोबत कळण्याच्या पुऱ्या. तेलाचंही आधीच बोला. सवय नसेल तर तवंग पाहूनच पोट भरेल.

पार्सल मात्र बिनफोडणीचं आणि कांद्याची पात न घालता घ्या. गरम असतानाच डबा बंद केला की आत घाम सुटतो आणि पुण्याला पोचेपर्यंत आंबूस वास येतो. पसरट भांड्यात पूर्ण गार करून मगच भरा. घरी तेलात शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप तळा, त्यात भरीत परता, पात आणि कोथिंबीर शेवटी.

आणि चंपाषष्ठी कधी आहे ते कॅलेंडरात बघून घ्या. चातुर्मासात वांगं सोडलेली मंडळी त्या दिवशी सुरू करतात, जागा मिळायची नाही.

पातकांदा: कळणं म्हणजे ज्वारी-उडीदच ना? प्रमाण?

कळणं: हो. ज्वारी ४ वाट्या, सालासकट काळे उडीद १ वाटी, मीठ घालूनच दळायचं. उडीद जास्त झाले की भाकरी चिवट होते.