मदत हवी आहे: आईबाबांना घेऊन अल्बेनियातलं क्रुया, ऑक्टोबर की २८ नोव्हेंबर?

सातारी_व्हिएन्नाकर

नमस्कार मंडळी, मी व्हिएन्नात असतो, आईबाबा साताऱ्याहून सप्टेंबरअखेरीस येतायत आणि डिसेंबर लागला की परत जाणार, तेवढ्यात एकदा त्यांना अल्बेनियाला न्यायचंय. म्हणजे मला न्यायचंय असं नाही, बाबांना जायचंय. मागच्या खेपेला त्यांना इथल्या होफबुर्ग राजवाड्यातल्या शस्त्रांच्या म्युझियममध्ये नेलं होतं, तिथे स्कांडरबेगचं (अल्बेनियाचा पंधराव्या शतकातला वीर) शिरस्त्राण ठेवलंय, वर सोनेरी बोकडाचं डोकं शिंगांसकट, त्याच्यासमोरून बाबा हलेचनात. मग घरी येऊन मोबाईलवर जे वाचत सुटले ते अजून थांबलेले नाहीत. आता साताऱ्यात सकाळी फिरायला जाणाऱ्या त्यांच्या सगळ्या ग्रुपला अल्बेनियाचा इतिहास पाठ झालाय.

तर बाबांचं म्हणणं, जायचं तर २८ नोव्हेंबरलाच जायचं. १४४३ साली त्याच तारखेला स्कांडरबेगने क्रुयाच्या किल्ल्यावर दोन डोक्यांच्या गरुडाचा झेंडा लावला आणि १९१२ मध्ये त्याच तारखेला व्लोरामध्ये इस्माईल केमालीने स्वातंत्र्य जाहीर केलं, म्हणून तो दिवस तिथे मोठा. मला ऑक्टोबर बरा वाटतोय, पण नुसतं वाटण्याला बाबांपुढे किंमत नाही.

विचारायचंय ते असं की व्हिसाचं काय होतं (माझ्याकडे ऑस्ट्रियाचं रेसिडन्स परमिट आहे, आईबाबांचा शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असतो तो, टुरिस्ट व्हिसा अजून काढायचाय), क्रुयाला राहावं की राजधानी तिरानाला मुक्काम ठेवून दिवसभरात करून यावं, आईचे गुडघे दुखतात तर चढ किती आहे, आणि आई पक्की शाकाहारी आहे, अंडंही नाही, तर तिचे खायचे हाल होतील का. ज्यांनी स्वतः बघितलंय त्यांनी सांगा प्लीज, यूट्यूबवाल्यांचं सगळं बघून झालंय, सगळे एकाच गल्लीत चालत असतात.

मंजूषा_मिलान

आधी व्हिसा, कारण गंमत तिथेच होते. अल्बेनिया शेंगेनमध्ये नाही. तुमचं परमिट आहे म्हणजे तुम्हाला वेगळा व्हिसा नको. आईबाबांना शेंगेन व्हिसावर तिथे जाता येतं, पण तो मल्टिपल एन्ट्री हवा आणि आधी शेंगेन देशात एकदा वापरलेला हवा. ते आधी व्हिएन्नाला उतरणार म्हणजे वापरलेला होतोच. सिंगल एन्ट्री मिळाला तर मात्र विषय संपला, कारण अल्बेनियात शिरणं राहू द्या, तिथून परत व्हिएन्नाला कसे येणार? म्हणून अर्जातच मल्टिपल मागा आणि कव्हर लेटरमध्ये अल्बेनियाचा प्लॅन स्पष्ट लिहा. मिळालेला स्टिकर नीट बघितल्याशिवाय तिकिटं काढू नका. नियम बदलत असतात, तेव्हा निघायच्या आधी त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या साइटवर एकदा बघून घ्या.

आता खाणं. मी सासूबाईंना घेऊन गेले होते, त्याही अंडं न खाणाऱ्या. उपाशी राहिल्या नाहीत. ब्युरेक सगळीकडे मिळतं, पातळ पापुद्र्यांत पालक किंवा चीज भरून भाजलेलं, पण त्याच ट्रेमध्ये शेजारी खिम्याचंही असतं, म्हणून "पा मिश" म्हणायचं, म्हणजे मांसाशिवाय. फसुले म्हणजे पांढऱ्या बीन्सची पातळ उसळ, ती आणि पाव सासूबाईंनी रोज खाल्ला, फक्त त्यात कधीकधी मांसाचा तुकडा टाकतात म्हणून विचारून घ्यायचं. फेर्गेसे नावाचा प्रकार आहे, सिमला मिरची टोमॅटो आणि मऊ चीज मातीच्या भांड्यात शिजवतात, पण तो काही ठिकाणी लिव्हर घालून आणि काही ठिकाणी अंडं घालूनही करतात, तेव्हा तिथे दोन्ही विचारा. बाकी भाजलेली वांगी, मिरच्या, सॅलड, दही. आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन जा, हे मी सांगायला नकोच.

गडभटक्या

वा, बाबांना माझा नमस्कार सांगा!

चढाचं सांगतो. क्रुया गाव साधारण सहाशे मीटर उंचीवर, सारी साल्तिकच्या डोंगराच्या पोटाशी वसलंय. गाडी बाजाराच्या तोंडापर्यंत जाते. तिथून जुना बाजार, म्हणजे दोन्ही बाजूंना लाकडी दुकानं, छपरं इतकी पुढे आलेली की वर आकाशाची नुसती पट्टी दिसते, आणि खाली गोट्यांची फरसबंदी, मधोमध पाणी वाहून जायला पन्हळ. अंतर काहीच नाही पण ते गोटे घासून घासून गुळगुळीत झालेत आणि उतार आहे. आईंना काठी आणि रबरी सोलचे बूट, चपला अजिबात नकोत. बाजार संपला की किल्ल्याच्या दरवाज्यापर्यंत छोटा चढ, आत शिरल्यावर पुन्हा वरखाली. सावकाश गेलं तर जमतं, बसायला जागोजागी कॅफे आहेत.

बाबांना आधीच एक सांगून ठेवा. दुरून जी मोठी किल्ल्यासारखी इमारत दिसते ती जुनी नाही, ते स्कांडरबेग म्युझियम आहे, १९८२ चं, कम्युनिस्ट हुकूमशहा एन्व्हर होजाच्या काळातलं, आणि त्याच्या दोन आर्किटेक्टपैकी एक होजाची मुलगी. मूळ किल्ला म्हणजे तटबंदीचे उरलेले भाग, पडक्या जागा आणि वरचा टेहळणीचा बुरूज. काही लोक हे कळल्यावर खट्टू होतात. मला म्युझियमही आवडलं, एका राजवटीला आपला नायक कसा दाखवायचा होता ते त्या इमारतीत वाचता येतं. आत शिरस्त्राण आणि तलवारीच्या प्रतिकृती आहेत, अस्सल तुमच्या व्हिएन्नात. २०१२ मध्ये स्वातंत्र्याच्या शंभरीला ती तात्पुरती तिरानाला नेली होती. म्हणजे बाबांनी खरी वस्तू आधी बघितली आणि गाव नंतर बघणार, अल्बेनियन माणसाला हेवा वाटेल!

पेठेतला_पांथस्थ

क्रुयाला मुक्काम कशाला? किल्ला, बाजार, दोन म्युझियम, झालं. बाकी गाव म्हणजे साध्या सिमेंटच्या बिल्डिंगा. तिरानाहून तासाभराचं अंतर आहे, सकाळी जा, संध्याकाळी परत. तिरानात लिफ्टवालं हॉटेल मिळेल, आईंच्या गुडघ्यांना तेच बरं.

बाय द वे, बाबांना स्कांडरबेगला "अल्बेनियाचे शिवाजी महाराज" वगैरे म्हणायचंय का? कारण आपल्याकडचा प्रत्येक जण तिथे जाऊन पहिल्या फोटोखाली हेच लिहितो.

सातारी_व्हिएन्नाकर

@पेठेतला_पांथस्थ, ते केव्हाच म्हणून झालंय हो, फॅमिली ग्रुपवर.

@मंजूषाताई, व्हिसाचं सोन्यासारखं सांगितलंत, मी सिंगल मल्टिपलचा विचारच केला नव्हता.

गडभटक्या

तुलना करू द्या की, त्यात वाईट काय, फक्त निम्म्यावर थांबू नका. हा माणूस कास्ट्रिओटी घराण्यातला, लहानपणी उस्मानी (तुर्की) सुलतानाच्या दरबारी ओलीस म्हणून गेला, मुसलमान झाला, उस्मानी फौजेत चढत चढत सरदार झाला, स्कांडरबेग हे नावच तिथलं. १४४३ मध्ये निशच्या लढाईत बाजू सोडून निघाला आणि क्रुयाला येऊन, असं सांगतात की, सुलतानाच्या नावाचं बनावट पत्र किल्लेदाराला दाखवून किल्ला ताब्यात घेतला. पुढच्याच वर्षी लेझा गावी अल्बेनियन सरदारांची एकी केली. पण ती एकी कायम कुरकुरतच होती, व्हेनिसशी कधी दोस्ती तर कधी लढाई, १४५१ मध्ये तर नेपल्सच्या राजाचं मांडलिकत्वही घेतलं. हे सगळं धरून बघितला तर माणूस जास्त मोठा वाटतो असं माझं मत.

आणि बाबांना वरच्या बुरुजापाशी उभं करून १४५० चा वेढा सांगायला लावा. सुलतान दुसरा मुराद स्वतः आलेला, तोफा इथेच जागेवर ओतल्या. स्कांडरबेग किल्ल्यात नव्हताच! आत व्राना कोंती या आपल्या सरदाराला ठेवलं आणि आपण बाहेर डोंगरात राहून रात्री छावणीवर छापे आणि रसद मारणं, शुद्ध गनिमी कावा. हिवाळा तोंडावर आला तसा सुलतान परत फिरला. मग १४६६ आणि १४६७ मध्ये त्याचा मुलगा मेहमेद आला, कॉन्स्टँटिनोपल घेतलेला तोच, त्यालाही नाही मिळाला. किल्ला पडला १४७८ मध्ये, स्कांडरबेग जाऊन दहा वर्षं झाल्यावर, आणि तोसुद्धा उपासमारीने. वर उभं राहिलं की खाली पार समुद्राच्या दिशेचं सपाट मैदान दिसतं, इथून येणारी फौज किती आधी दिसत असेल ते आपोआप कळतं.

मुक्कामाच्या बाबतीत पांथस्थांशी सहमत नाही. दिवसा तिरानाहून टूरच्या बसेस येतात आणि दुपारी त्या गल्लीत मुंगीला जागा नसते. चार-पाचनंतर सगळे पसार. किल्ल्याच्या आतही लोकांची राहती घरं आहेत, त्यातली काही गेस्टहाउस चालवतात. गर्दी गेल्यावर आई बाजारात आरामात चालतील, मागून कोणी ढकलणार नाही.

बाल्कनवेडी

मी नोव्हेंबरच्या शेवटी गेलेय म्हणून लिहिते, नाहीतर वाचनमात्रच असते.

२८ नोव्हेंबरला तिथे सव्वाचारच्या आसपास सूर्य मावळतो. म्हणजे गर्दी गेल्यावर निवांत फिरू वगैरे विसरा, गर्दी जाते आणि लगेच अंधार. पाऊस भरपूर, आणि ते गोटे ओले झाले की मी स्वतः दोन्ही हातांनी दुकानांच्या दारांना धरून उतरत होते, मला गुडघेदुखी नसताना. त्यात २८ आणि लागून २९, दोन्ही दिवस सुट्टी, २९ म्हणजे १९४४ चा मुक्तिदिन. हॉटेलं लवकर भरतात. वातावरण सुंदर असतं हे खरं, जिकडे तिकडे लाल झेंडे, पोरं गालावर गरुड रंगवून फिरतात. बाबा एकटे असते तर म्हटलं असतं जाच. आई आहेत तर ऑक्टोबर. आणि सोमवार टाळा म्युझियमसाठी.

अजून एक, एअरपोर्टवरून तिराना शहरात जाऊच नका. एअरपोर्ट शहराच्या बाहेर रिनासला आहे, क्रुयाच्या बाजूलाच, टॅक्सीने अर्धा पाऊण तास. आधी क्रुया करा, तिराना शेवटी ठेवा. एअरपोर्टचं नाव मदर तेरेसा आहे, आईंना तेवढीच ओळखीची खूण. वाटेत फुशे-क्रुया लागतं, तिथे जॉर्ज बुशचा पुतळा आहे, शर्टाच्या बाह्या दुमडलेला! २००७ मध्ये तो त्या गावात येऊन गेला त्याची आठवण. ड्रायव्हर स्वतःहून दाखवतात, आम्ही काही न विचारता दाखवला.

मंजूषा_मिलान

बाल्कनवेडीला अनुमोदन, ऑक्टोबरच.

आईंसाठी खास म्हणजे किल्ल्यातलं एथ्नोग्राफिक म्युझियम, ते चुकवू नका. तोप्तानी घराण्याचा अठराव्या शतकातला वाडा आहे. खाली तेलाचा घाणा, राकी म्हणजे तिथली दारू गाळायची भट्टी, वर बैठकीच्या खोल्या, घरातच हमाम. सासूबाई तिथे इतक्या रमल्या की त्यांना बाहेर काढावं लागलं, प्रत्येक भांडं हे आमच्याकडे होतं म्हणत. लाकडी जिना आहे, तेवढा हात धरून. बाजारात काही दुकानांत बायका मागावर बसून गालिचे विणत असतात, त्या बघू देतात, घेतलंच पाहिजे असं नाही.

घेणार असाल तर किमतीचा घोळ समजून घ्या. तिथलं चलन लेक, शंभर लेक म्हणजे ढोबळमानाने एक युरो. पण १९६५ मध्ये त्यांनी चलनातलं एक शून्य काढलं आणि लोक अजून तोंडाने जुन्या हिशेबात बोलतात. मला एका आजींनी छोट्या आसनाचे वीस हजार सांगितले, मी घाबरून ठेवून दिलं, तर त्यांनी कागदावर दोन हजार लिहून दाखवले. म्हणून कॅल्क्युलेटरवर आकडा लिहून घ्यायचा. रोख जवळ ठेवा, कार्ड सगळीकडे चालत नाही. आणि जुन्या पिढीतली माणसं हो म्हणताना मान आडवी हलवतात, नाही म्हणताना वर, भांडायला जाऊ नका.

सातारी_व्हिएन्नाकर

खूप खूप आभार सगळ्यांचे. काल व्हिडिओ कॉलवर बाबांना सव्वाचारचा सूर्यास्त वाचून दाखवला, गप्प झाले, मग म्हणाले ऑक्टोबर चालेल पण लेझाला जायचं, स्कांडरबेग तिथे वारला १४६८ मध्ये आणि तिथेच पुरला. आता हे क्रुयाहून कसं करायचं? आणि वर सारी साल्तिकला आईला नेता येईल का? बॅगा घेऊन किल्ल्याच्या आत राहायचं तर त्या गोट्यांवरून चाकांच्या बॅगा कशा न्यायच्या हाही प्रश्नच आहे.

बाल्कनवेडी

लेझा सोपं आहे. क्रुयाहून खाली फुशे-क्रुयाला उतरायचं, तिथून उत्तरेला श्कोद्राकडे जाणाऱ्या बसेस आणि फुर्गोन मिळतात, फुर्गोन म्हणजे आपली वडाप, भरली की सुटते. तिघे आहात तर सरळ टॅक्सी ठरवा, आईंना फुर्गोनमध्ये पाय लांब करता येणार नाहीत. स्मारक म्हणजे सेंट निकोलस चर्चचे अवशेष, वर छप्पर घातलंय. पण बाबांना माहीत असू दे, आत अस्थी नाहीत. लेझा घेतल्यावर उस्मानी सैनिकांनी त्या उकरून ताईत म्हणून वाटून घेतल्या असं सांगतात.

सारी साल्तिकला गाडी जवळजवळ वरपर्यंत जाते, पुढे गुहेतल्या दर्ग्याला पायऱ्या उतरून जावं लागतं. बेक्ताशी या सूफी पंथाचं ठिकाण आहे, भाविक येत असतात, कोणी अडवत नाही. आईंनी वरूनच हात जोडले तरी चालेल, हवा स्वच्छ असेल तर समुद्र दिसतो तिथून. पायवाटेने चढायचं मात्र नाव काढू नका.

गडभटक्या

बॅगांचं, गेस्टहाउसवाल्याला आदल्या दिवशी मेसेज टाका, ते कोणाला तरी खाली पाठवतात. नाहीतर मोठ्या बॅगा व्हिएन्नातच ठेवा आणि प्रत्येकी एक पाठीवरची सॅक. बाबांची सॅक त्यांनाच उचलू द्या, गड आहे शेवटी.

सातारी_व्हिएन्नाकर

सॅकच. आईची मी घेतो, चटणीचा डबा तिच्यातच असणार.