चार्जर लावला की कर्सर उड्या मारतो, मनगटाला झिणझिण्या येतात

हिशेबनीस_वाई
नमस्कार. मी वाईला घरूनच जीएसटीची आणि हिशेबाची कामं करते. फेब्रुवारीत सेकंडहँड लॅपटॉप घेतला, मोठ्या कंपन्या आपल्या अधिकाऱ्यांना देतात त्यातला. १३.३ इंची, जेमतेम १.१ किलो, मॅग्नेशियमची बॉडी. एका हातात धरून माडीचा जिना चढता येतो आणि कीबोर्ड इतका छान आहे की आकडे टाकताना बोटं अडखळत नाहीत. रॅम मदरबोर्डलाच सोल्डर केलेली, वाढवता येणार नाही, हे माहीत होतं. टाइप-सी पोर्ट दोनच, म्हणून डीएससीच्या (डिजिटल सहीच्या) यूएसबी टोकनला हब लागतो. तेही चालवून घेते.

पण चार्जर लावला की टचपॅडवर बाण थरथरतो आणि मधेच भलतीकडे उडी मारतो. परवा रिटर्न भरताना ‘सेव्ह’वर नेलेला बाण शेजारच्याच बटणावर गेला, घामच फुटला. बॅटरीवर असताना काही त्रास नाही. शिवाय मनगट टेकलं की बारीक झिणझिण्या येतात. हाताची मागची बाजू झाकणावरून हळूच फिरवली तर ते किसणीसारखं खरखरीत लागतं, चार्जर काढला की तेच झाकण गुळगुळीत! बहिणीच्या पुण्याच्या फ्लॅटवर हाच लॅपटॉप, हाच चार्जर, आणि काही नाही. इथला दुरुस्तीवाला मदरबोर्ड बदला म्हणतोय. काय करू?

रात्रपाळी
ताई, टचपॅडचा ड्रायव्हर काढून पुन्हा टाका. आणि टचपॅड एका बाजूने वर आलाय का, क्लिक जड झालंय का, तेही बघा. पातळ लॅपटॉपमध्ये बॅटरी टचपॅडच्या खालीच असते, फुगली की तो वर ढकलला जातो. तसं असेल तर लॅपटॉप लगेच वापरायचा बंद करा.

तारजोड
मदरबोर्डला हात लावू देऊ नका. पुण्यात चालतो म्हणजे लॅपटॉप चांगला आहे, दोष घरच्या अर्थिंगमध्ये आहे.

चार्जरमध्ये २३० व्होल्टच्या बाजूकडून लॅपटॉपच्या बाजूला एक लहान कपॅसिटर (विजेचा थोडा साठा करणारा भाग) जोडलेला असतो. त्यातून अगदी थोडा करंट पलीकडे झिरपतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर लॅपटॉपच्या धातूवर येऊन बसतो आणि तुमच्या हातातून वाट काढतो. टचपॅड बोटामुळे कपॅसिटन्समध्ये, म्हणजे वीज साठवण्याच्या क्षमतेत, होणारा सूक्ष्म बदल मोजत असतो. त्यात ही गडबड मिसळली की त्याला बोट नेमकं कुठे आहे ते कळत नाही.

हा करंट एक मिलिअँपिअरच्याही आत असतो, त्याने धोका नाही. पण तीन गोष्टी सांगा. चार्जरची वायर तीन पिनांची आहे का? ती कशात लावता? आणि काम करताना पायात चप्पल असते का?

हिशेबनीस_वाई
रात्रपाळी, ड्रायव्हर टाकून पाहिला, फरक नाही. टचपॅड सपाट आहे.

तारजोडदादा, वायर तीन पिनांची आहे. पण ती एक्स्टेन्शन बोर्डात लावते, आणि तुम्ही विचारलंत म्हणून आत्ता पाहिलं तर बोर्डाला भोकं तीन आणि त्याच्या स्वतःच्या प्लगला पिना दोनच! खाली शहाबादी फरशी आहे, मी अनवाणीच बसते. चप्पल घातली तर झिणझिण्या जवळजवळ गेल्या. मग चार्जर थेट भिंतीत लावला, पण पुन्हा तेच.

तारजोड
म्हणजे भिंतीतल्या वरच्या मोठ्या भोकातही अर्थिंग पोचत नाही. ताई, आता लॅपटॉप बाजूला ठेवा. त्याच वायरिंगवर गीझर, फ्रिज, वॉशिंग मशीन असेल ना? तिथे बॉडीला फेज (करंट असलेली वायर) लागला तर अर्थिंगशिवाय जिवावर बेतेल. उद्याच वायरमन बोलवा. तो येईपर्यंत गीझर बंद ठेवा. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर तीही बसवून घ्या. आणि स्वतः बोर्ड उघडू नका.

हिशेबनीस_वाई
वायरमन आज येऊन गेले. माडीवरच्या बोर्डात हिरवी वायर होती, पण कुठेच न जोडता नुसती मागे दुमडून ठेवलेली. परसातल्या अर्थिंगच्या खड्ड्यावर तर आम्ही गेली कित्येक वर्षं तुळशीच्या कुंड्या मांडतोय. पट्टी गंजून तुटली होती. नवीन खड्डा घेतला, कोळसा-मीठ भरलं, वायरी जोडल्या, आरसीसीबी बसवली. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतत जा म्हणाले. सासूबाई रोज पहाटे गीझर लावतात, ते आठवून मला दुपारभर जेवण गेलं नाही. दादा, तुमचे उपकार आहेत.

संध्याकाळी चार्जर लावून, अनवाणीच बसून, हाताची मागची बाजू झाकणावरून फिरवली. गुळगुळीत. २० तारखेची जीएसटीची ३बी रिटर्न्स आजच भरायला घेतली आहेत.