फोटोशॉप नवं, बोटं जुनी: कंट्रोल झेड आणि शिफ्टचं काय करायचं?

कराडची_अल्बमवाली

नमस्कार मंडळी. लग्नाचे अल्बम डिझाईन करते, बहुतेक बारा बाय छत्तीसच्या शीट्स. इतकी वर्षं सीएस थ्री या जुन्या फोटोशॉपवरच काम चाललं. जुन्या पीसीनं मान टाकली म्हणून नवा घेतला आणि त्यावर आताचं फोटोशॉप आलं. दिसायला झकास आहे, मास्किंग तर काय सांगू, नवरीच्या मोकळ्या केसांचं कटिंग चहा व्हायच्या आत होतं. पण हात चालेनात.

मला सवय अशी की एकच स्टेप मागे-पुढे करून बघायची असेल तर कंट्रोल झेड, परत कंट्रोल झेड. चेहऱ्यावरचा टच-अप आधी-नंतर असा लुकलुकवून बघते, गिऱ्हाईक शेजारी बसलं असेल तर त्यालाही तसंच दाखवते. आता दुसऱ्यांदा दाबलं की आणखी एक स्टेप मागे जातं. उलट, खूप मागे जायचं म्हणून कंट्रोल ऑल्ट झेड दाबत राहावं, तर ते दोनच स्टेप्समध्ये झुलत बसतं.

शिफ्टचं तर बोलायलाच नको. फोटो लहान-मोठा करताना शिफ्ट धरायचा हे बोटांना झोपेतही माहीत आहे, आणि आता नेमका शिफ्ट धरला की नवरदेव आडवा सुटतो. कंट्रोल वन दाबून रेड चॅनेल, म्हणजे फोटोतला फक्त लाल रंगाचा भाग बघायचे, तिथे आता झूम होतो.

शिवाय मध्येच ब्रॅकेटच्या कीनं ब्रशचा साइज बदलेनासा होतो. बंद करून सुरू केलं की ठीक. हे पण नवीनच काही आहे का?

अडचण अशी की संध्याकाळी याच मशीनवर भाचा बसतो. तो क्लासमध्ये नवंच शिकलाय. मी सगळं जुनं करून ठेवलं तर तो ओरडणार. तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू. त्याआधी काहीतरी ठरवायला हवं.

प्रेसवाले_काका

ताई, तुमच्याकडे हे सगळं एकदम आलं, कारण तुम्ही मधली सगळी व्हर्जन्स ओलांडून आलात. आम्ही हप्त्याहप्त्यानं रडलो.

चॅनेलचा बदल सर्वांत जुना, २००८ च्या सीएस फोरमधला. तेव्हापासून कंट्रोल वन म्हणजे शंभर टक्के झूम. चॅनेल दोन आकडे पुढे सरकले: कंट्रोल टू सगळे एकत्र, मग तीन, चार, पाच म्हणजे रेड, ग्रीन, ब्ल्यू. अंडू, म्हणजे मागे जाणं, आणि शिफ्ट यांची उलटापालट झाली ती ऑक्टोबर २०१८ च्या सीसी २०१९ मध्ये.

आता उपाय. एडिट मेनूत तळाकडे कीबोर्ड शॉर्टकट्स. थेट उघडायचं तर कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि के. तिथे ‘यूज लेगसी अंडू शॉर्टकट्स’ अशी चौकट आहे आणि तशीच एक चॅनेलसाठी. टिक करा, ओके करा, फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडा. बंद केल्याशिवाय अंडू बदलत नाही. इथे बरेच जण फसतात आणि ‘चालत नाही’ म्हणून सोडून देतात. शिफ्टचं मात्र दुसरीकडे आहे: प्रेफरन्सेस, जनरल, ‘यूज लेगसी फ्री ट्रान्सफॉर्म’.

माझं मत विचाराल तर तिन्ही टिक करू नका. अंडू नवंच ठेवा. बाकी सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल झेड असाच मागे मागे जातो, आणि कंट्रोल शिफ्ट झेडनं पुढे येणं तर आधीसारखंच आहे. तुमचं लुकलुकवणंही गेलेलं नाही, ते आता कंट्रोल ऑल्ट झेडवर आहे. तुम्हाला जे झुलताना दिसतंय ना, तेच ते. गिऱ्हाईकाला दाखवायला तेवढंच वापरा.

शिफ्ट खुशाल जुना करून घ्या. अंडू चुकलं तर लगेच दिसतं. शिफ्ट चुकला आणि फोटो दोन-तीन टक्केच आडवा झाला, तर तो थेट लॅबमध्ये छापला जातो आणि मग नवरीची आई फोन करते.

मल्टीमीडिया_नाशिक

काकांशी अर्धा सहमत. शिफ्टसुद्धा नवाच ठेवावा. २०१९ च्या नोव्हेंबरमधल्या अपडेटनंतर फोटो, अक्षरं, शेप सगळ्यांना एकच नियम आहे, आणि वर ऑप्शन्स बारमध्ये रुंदी-उंचीच्या मधे साखळीचं चिन्ह असतं. ते दाबलेलं असेल तर प्रमाण टिकतं. ओढायच्या आधी तिकडे एक नजर टाकायची. त्याआधीच्या वर्षात शेपला वेगळा नियम आणि फोटोला वेगळा, तेव्हा मीही जुनंच ठेवलं होतं.

टंकलेखक

ब्रॅकेटचं कारण बहुतेक फोटोशॉप नाहीच. ताई, पत्रिकेचा मजकूर टाकायला मराठी कीबोर्ड लावला असणार तुम्ही. विंडोजमध्ये डावीकडचा ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून सोडले की भाषा बदलते. आणि मध्यातून प्रमाणात मोठं करायला जुने लोक काय धरतात? शिफ्ट आणि ऑल्ट! फोटो मोठा होतो, खाली भाषा गुपचूप मराठी होते, आणि ब्रॅकेटच्या जागी मराठी अक्षरं बसतात. पुढच्या वेळी बंद करण्याआधी टास्कबारवर घड्याळाजवळ कुठली भाषा आहे ते बघा.

सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, त्यात इनपुट लँग्वेज हॉट कीज. तिथे ‘चेंज की सीक्वेन्स’मध्ये दोन्हीकडे ‘नॉट असाइन्ड’ करा. भाषा बदलायला विंडोज की आणि स्पेसबार आहेच.

प्रेसवाले_काका

वा! हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

भाच्याचं राहिलं. विंडोजमध्ये त्याचं वेगळं अकाउंट काढा. फोटोशॉपच्या सेटिंग्ज प्रत्येक अकाउंटच्या स्वतंत्र असतात, त्यामुळे तुमच्या टिक तुमच्यापाशी. फक्त तुमच्या ॲक्शन्स, म्हणजे एका क्लिकवर चालणाऱ्या साठवलेल्या स्टेप्स, त्याच्याकडे आपोआप दिसणार नाहीत, त्या सेव्ह करून तिकडे लोड करा.

आणि हिस्टरी स्टेट्स, म्हणजे किती स्टेप्स मागे जाता येतं तो आकडा, बघून घ्या. सीएस थ्रीत वीस होत्या, आता पन्नास. तीनशे डीपीआयला तुमच्या शीटचा एक भरलेला लेअरच शंभर एमबीच्या वर जातो. रॅम कमी असेल तर आकडा खाली आणा.

कराडची_अल्बमवाली

टंकलेखक, मराठीच होतं! पत्रिका टाकून झाल्यावर नेहमी व्हायचं, आता जुळतंय.

अंडू नवं ठेवतेय, शिफ्ट जुना. नाशिकचं पटतंय, पण सीझन संपल्यावर बघू. भाच्याला अकाउंट काढून दिलं, तर त्याला पासवर्डही वेगळा हवाय म्हणे. काका, ॲक्शन्स सेव्ह करताना पूर्ण फोल्डर निवडायचा ना? एकटी ॲक्शन निवडली की सेव्हचा पर्याय पुसट दिसतोय.

प्रेसवाले_काका

हो, फोल्डरच.