मीटिंग सुरू झाली की ब्लूटूथ हेडफोनचा आवाज डब्यातून आल्यासारखा का होतो?

तिरकी_रेघ

लॅपटॉपवर विंडोज ११, हेडफोनच्या खोक्यावर ब्लूटूथ ५.३ लिहिलंय. गाणी झकास वाजतात. मीटिंगला जोडलं की बास गायब, दोन्ही कानांत सारखाच चपटा आवाज आणि मधूनमधून खरखर. मीटिंगमधून बाहेर पडलं की दोन-तीन सेकंदांत सगळं पूर्ववत. ड्रायव्हर काढून परत टाकला, हेडफोन ‘रिमूव्ह’ करून पुन्हा पेअर केला, फरक शून्य. हेडफोन बदलून घ्यावा का?

लोलक

हेडफोन धडधाकट आहे, बदलू नका. पेअरिंग एकच दिसतं, पण आवाज दोन वेगळ्या वाटांनी जातो.

गाण्यांसाठी ए२डीपी प्रोफाइल (प्रोफाइल म्हणजे ब्लूटूथने एखादं काम कसं करायचं याचे ठरलेले नियम). एकेरी वाहतूक, लॅपटॉपकडून कानांकडे, स्टीरिओ. साधा एसबीसी कोडेक (आवाज आक्रसून पाठवायची पद्धत) असला तरी सेकंदाला ३२८ किलोबिटपर्यंत जागा मिळते. माइकला मात्र या वाटेवर जागाच नाही. म्हणून कोणत्याही ॲपने हेडफोनचा माइक मागितला की विंडोज एचएफपी प्रोफाइलवर जातं. हे फोनवरच्या बोलण्यासाठी, म्हणजे गाडीतल्या हँड्सफ्रीसारख्या वापरासाठी बनलेलं: दुहेरी वाहतूक, पण मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज), आणि प्रत्येक दिशेला जेमतेम ६४ किलोबिट. त्यातही जुना सीव्हीएसडी कोडेक लागला तर सेकंदाला आवाजाचे फक्त ८,००० नमुने घेतले जातात, त्यामुळे ४ किलोहर्ट्झच्या वरचं काही पोचत नाही. ‘स’ आणि ओठ-दातांचा ‘फ’ यांची फोनवर गल्लत होते ती याचमुळे. २०११ मध्ये आलेल्या एचएफपी १.६ पासून एमएसबीसी कोडेक मिळाला, त्यात १६,००० नमुने. बोलणं स्वच्छ होतं, पण मोनो ते मोनोच.

आणि त्या ५.३ वर जाऊ नका. ही दोन्ही प्रोफाइलं जुन्या ‘क्लासिक’ ब्लूटूथवर चालतात.

पाचवा_पेच

लोलक यांनी कारण सांगितलं, आता इलाज. कान हेडफोनचे ठेवा, माइक लॅपटॉपचा.

सेटिंग्ज → सिस्टम → साउंडमध्ये ‘इनपुट’ला लॅपटॉपचा माइक निवडा. एवढ्यावर थांबू नका. मीटिंगचं ॲप स्वतःची वेगळी निवड धरून बसतं, तिथेही माइक बदला. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. तरी आवाज चपटाच राहिला तर दुसरं एखादं ॲप किंवा ब्राउझरमधला विसरलेला टॅब माइक धरून आहे. टास्कबारवर घड्याळाजवळ माइकचं चिन्ह दिसतंय का बघा. कोणी धरलाय ते प्रायव्हसी अँड सिक्युरिटी → मायक्रोफोनमध्ये कळतं.

हेडफोनचा माइक कधीच लागणार नसेल तर मुळावरच घाव घाला: ब्लूटूथ अँड डिव्हायसेस → डिव्हायसेस, अगदी खाली ‘मोअर डिव्हायसेस अँड प्रिंटर सेटिंग्ज’, हेडफोनवर राइट क्लिक → प्रॉपर्टीज → सर्व्हिसेस, आणि ‘हँड्सफ्री टेलिफोनी’ची खूण काढा. हेडफोनवरचं प्ले-पॉजचं बटण चालू राहतं, कारण ते वेगळ्या प्रोफाइलवर आहे. पुन्हा पेअर केलं की खूण परत येते, तेवढं लक्षात ठेवा.

लॅपटॉपचा माइक कीबोर्डची टकटक उचलतो. त्यावर कॉलरचा वायरी माइक बरा, पण पिन बघून घ्या. लॅपटॉपला हेडफोन-माइक मिळून एकच भोक असेल तर पिनवर तीन काळ्या रेघा हव्यात. दोन रेघांचा माइक कॅमेऱ्यासाठी असतो, तो या भोकात गप्प बसतो.

तिरकी_रेघ

माइक बदलला, आवाज लगेच भरला! पण काही मीटिंगांना उठून फिरावं लागतं, तेव्हा हेडफोनचाच माइक लागणार. निदान खरखर तरी घालवता येईल का? लॅपटॉपचं अंगचं ब्लूटूथ बंद आहे, मागच्या यूएसबी पोर्टला ब्लूटूथचं डोंगल लावलंय आणि शेजारी बाहेरची हार्ड डिस्क.

अँटेना_वाकडा

मग चोर सापडला. ती डिस्क यूएसबी ३ ची असणार. यूएसबी ३ सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने चालतं आणि त्याच्या केबल-पोर्टमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट सांडतो. ब्लूटूथ नेमकं तिथेच राहतं, २४०२ ते २४८० मेगाहर्ट्झ. डोंगल डिस्कला खेटून असलं तर हेडफोनचा क्षीण सिग्नल त्या गोंगाटात बुडतो. यूएसबी २ ची अर्धा-एक मीटरची एक्स्टेन्शन वायर घ्या आणि डोंगल टेबलावर मोकळ्या जागी आणा. लाकूड चालेल, लोखंडी कपाटाआड नको.

दुसरं, लॅपटॉपचं वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्या. ब्लूटूथ ७९ चॅनलांवर सेकंदाला १,६०० उड्या मारतं आणि गर्दीचे चॅनल टाळतं, पण २.४ वर वायफायचे दोन-तीन राउटर भरधाव चालू असले की टाळून जाणार कुठे?

खरखर गाण्यांत का येत नाही, तर ए२डीपीमध्ये आवाजाच्या डेटाचं हरवलेलं पाकीट पुन्हा मागवता येतं आणि थोडा साठाही हाताशी असतो. संभाषणात थांबायला वेळ नसतो. पाकीट हुकलं की तिथे खड्डा.

लोलक

फिरत बोलायचं आणि स्टीरिओही हवा असेल तर एलई ऑडिओ, म्हणजे ब्लूटूथवरून आवाज पाठवायची नवी पद्धत. त्याचा एलसी३ कोडेक कमी बिटमध्ये चांगला आवाज देतो. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत त्यावर माइक चालू असतानाही स्टीरिओ मिळण्याची सोय आली आहे. मात्र हेडफोन, लॅपटॉपचं ब्लूटूथ आणि ड्रायव्हर, तिघांनाही ते जमायला हवं. ५.२ किंवा ५.३ आकडा याची हमी देत नाही, हा भाग ऐच्छिक आहे. ओळखायची खूण सोपी: ब्लूटूथच्या डिव्हायसेस पानावर ‘यूज एलई ऑडिओ व्हेन अव्हेलेबल’ असा पर्याय दिसतोय का? दिसत नसेल तर सध्याच्या लॅपटॉपवर नवा हेडफोन घेऊनही हे मिळणार नाही. डोंगल काढून अंगचं ब्लूटूथ चालू करा आणि तो पर्याय आधी शोधा.