हद्दीवरच्या गावाने काय मागावं: नवी इमारत की डॉक्टरांची पदं?

काजूबाग

आमचं गाव सिंधुदुर्गात, गोव्याच्या हद्दीला चिकटून. पुढच्या ग्रामसभेत आरोग्यावर ठराव घ्यायचा आहे. बहुतेकांचं म्हणणं, आपल्या भागात मोठं रुग्णालय बांधून मागूया. मला ते पटत नाही, पण मग काय मागायचं हे मला चार लोकांसमोर नीट मांडता येत नाही. या कामातली माणसं इथे आहेत म्हणून विचारतो.

गेल्या पावसाळ्यात मध्यरात्री बाबा उठून बसले. म्हणाले, "छातीत कोणी दाबून धरल्यासारख्या वाटता." घामाने गंजी ओली झाली होती. आमच्या वाडीत मोबाईलला गोव्याचा टॉवर लागतो, त्यामुळे १०८ लावला की पलीकडून पहिला प्रश्न येतो, गाव कुठल्या राज्यात? शेजारच्या अण्णांनी काजूची पोती उतरवून पिकअप काढली आणि आम्ही थेट बांबोळी गाठली, गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ. बाबा वाचले, आता बागेत फिरतात. तिथल्या डॉक्टरांचे उपकार आमचं घर विसरणार नाही.

बिलाचं दुःख नाही. परराज्यातल्या रुग्णांकडून गोवा मेडिकल कॉलेजात शुल्क घ्यायला २०१८ च्या जानेवारीत सुरुवात झाली, तेव्हा दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले होते. मीही होतो त्यात. पण तेव्हापासून एक प्रश्न मनातून जात नाही. गोवा एवढंसं राज्य. त्याला एवढं इस्पितळ चालवणं परवडतं, आणि एवढ्या मोठ्या महाराष्ट्राला आमच्या भागात रात्री एक फिजिशियन ठेवणं का जमत नाही? पैसा नेमका कुठून येतो, कुठे अडतो? आणि ठरावात काय लिहावं, ज्याला कोणीतरी उत्तर द्यायला बांधील असेल?

डिचोलीची वहिनी

मी गोव्यात परिचारिका म्हणून नोकरी केली, बराचसा काळ बाहेरच्या आरोग्य केंद्रांत. तुमच्याकडच्या बायका बाळंतपणासाठी पहाटेच्या बसने यायच्या, त्यांच्याशी घरोबा झाला होता. म्हणून लिहिते.

गोव्याला परवडतं, कारण आमच्याकडे तिजोरी आणि इस्पितळ यांच्यात अंतर कमी आहे. गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, राज्याच्या अंदाजपत्रकावर चालतं आणि दरडोई आरोग्यखर्चात गोवा देशात वरच्या राज्यांत आहे. आमदार चाळीस, त्यामुळे सत्तरी तालुक्यातल्या केंद्रात औषध संपलं तरी ते पणजीत कोणाच्या तरी कानावर जातंच. त्याशिवाय २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचं संरक्षण, मात्र राज्यात पाच वर्षं वास्तव्य हवं. तुमचं गाव इथेच सुटतं.

हृदयविकारासाठी २०१८-१९ पासून जे सुरू झालं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. छातीत दुखणारा माणूस जवळच्या केंद्रात आला की तिथेच ईसीजी काढायचा, तो तज्ज्ञाला पाठवायचा आणि त्याने हो म्हटलं की रक्ताची गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज तिथेच मोफत टोचायचं. मगच रुग्णवाहिका बांबोळीला निघते. यासाठी नवी इमारत लागली नाही. लागलं ते यंत्र, महागडं इंजेक्शन आणि ते द्यायचं धाडस असलेले डॉक्टर व सिस्टर. ठरावात काही मागायचं तर हे मागा.

गोव्यात सगळं सोन्यासारखं आहे असं मात्र समजू नका. दक्षिण गोव्यातल्या काणकोणची किंवा नेत्रावळीची बाई विचारा, बांबोळी किती लांब आहे ते ती सांगेल. आणि शुल्काबद्दल रागावू नका. इथल्या माणसाला वाटतं की आपल्या करातून उभं राहिलेलं इस्पितळ आपल्याच आईला खाट देऊ शकत नाही. तेही खोटं नाही. पण अत्यवस्थ माणसाला परत पाठवायचं नसतं हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ आणि १९९६ साली स्पष्ट सांगितलंय. हद्दीवर राहता, म्हणून हे पाठ असू द्या.

निवृत्त लेखा

काजूबाग, तुमच्या प्रश्नातलं "पैसा कुठे अडतो" हे वाचून लिहायला बसलो. माझी नोकरी आरोग्य खात्याच्या लेखा शाखेत गेली. लोकांना वाटतं पैसा नाही. पैसा असतो, पण प्रत्येक पैशाला स्वतःचं शीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकातलं ठरलेलं खातं, असतं आणि या शीर्षातला रुपया त्या शीर्षाखाली घालता येत नाही.

आधी मूळ गोष्ट. सिंधुदुर्ग जिल्हा ५,२०७ चौरस किलोमीटर, गोवा राज्य ३,७०२. म्हणजे तुमचा जिल्हा त्या राज्याहून मोठा आहे. पण २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार आणि सिंधुदुर्गाची साडेआठ लाखांच्या आत. त्यातही २००१ पेक्षा कमी झालेली, कारण तुमची मुलं मुंबई-पुण्याला गेली. आता सरकारी निकष बघा. प्राथमिक आरोग्य केंद्र ३० हजार लोकसंख्येला, डोंगराळ भागात २० हजारांना. त्यावरचं रुग्णालय १ लाख २० हजारांना, डोंगराळ भागात ८० हजारांना. सगळं डोक्यांवर मोजलं जातं. दोन वाड्यांमध्ये किती ओढे आहेत, पावसाळ्यात कुठला साकव पाण्याखाली जातो, याचा रकाना त्या तक्त्यात नाही. माणसं विरळ आणि वाटा लांब असा प्रदेश या हिशेबात कायम मागे पडतो. गोवा स्वतंत्र राज्य असल्यामुळे त्याने आपल्यापुरते निकष सैल केले. सिंधुदुर्गाला ते मंत्रालयातून करून घ्यावे लागतात, ३६ जिल्ह्यांच्या रांगेत उभं राहून.

आता खिसे. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, तिथे जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, त्यांच्यावर कोल्हापूरचे उपसंचालक. वैद्यकीय महाविद्यालय तिसऱ्याच खात्याकडे, वैद्यकीय शिक्षण. ठराव "मा. मुख्यमंत्री यांस" म्हणून पाठवलात की तो फिरत फिरत या तिघांच्या टेबलावर येतो आणि प्रत्येक जण लिहितो, "विषय या कार्यालयाशी संबंधित नाही." अशी पत्रं मी ढिगाने फाईलला लावली आहेत. प्रत्येक वेळी वाईट वाटायचं, कारण खाली गावकऱ्यांच्या सह्या आणि अंगठे असायचे.

इमारत, यंत्रं, रुग्णवाहिका यांसाठी जिल्हा नियोजन समितीकडे पैसा असतो. पालकमंत्री अध्यक्ष, त्यामुळे भूमिपूजन लवकर होतं. पण डॉक्टर आणि सिस्टर यांचा पगार तिथून होत नाही. त्यासाठी पद मंजूर लागतं, आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या तक्त्यात, यावं लागतं, वित्त विभागाची संमती लागते. म्हणून इमारत आधी उभी राहते आणि पदं मागाहून येतात, किंवा येतच नाहीत. तुम्ही नवं रुग्णालय मागितलंत तर तुम्हाला तेच मिळण्याचा धोका आहे जे देणं सोपं आहे.

आणखी एक, जे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. महात्मा फुले जनआरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली झाली, पाच लाखांपर्यंत. सरकारी रुग्णालयालाही या योजनेतून उपचारांचे पैसे मिळतात आणि त्यातून ते सुधारू शकतं. पण सर्जन आणि भूलतज्ज्ञ नसेल तर शस्त्रक्रिया नाही, शस्त्रक्रिया नाही तर दावा नाही, दावा नाही तर पैसा नाही. तीच शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयात होते आणि सरकारी योजनेचा पैसा तिकडे जातो. तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय असं सुकत जातं. पहिला सर्जन आणि पहिला भूलतज्ज्ञ येईपर्यंत हे चक्र सुटत नाही. बाहेरच्या तज्ज्ञाला केसप्रमाणे मानधन देऊन बोलावण्याची सोय राष्ट्रीय आरोग्य अभियानात आहे. पण जवळपास राहणारा तज्ज्ञच नसेल तर बोलावणार कोणाला? म्हणून पदाबरोबर निवासस्थान मागा. गळकं क्वार्टर बघून परत गेलेले डॉक्टर मी पाहिलेत. तरुण जोडपं, कडेवर लहान मूल. त्यांना दोष देववत नाही.

ठरावाच्या आधी माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. तुमच्या भागातल्या प्रत्येक संस्थेची मंजूर पदं, भरलेली पदं, कोण प्रतिनियुक्तीवर, म्हणजे तात्पुरतं दुसरीकडे कामाला, आहे, रात्रपाळीचा तक्ता, आणि गेल्या तीन वर्षांत पुढे पाठवलेल्या रुग्णांची नोंदवही. ही नोंदवही फार बोलते. कुठल्या आजाराला कोण नाही, ते तीवरून कळतं. रुग्ण कल्याण समितीच्या सभांची इतिवृत्तंही मागा. त्या समितीवर लोकप्रतिनिधी असतात, आणि खर्च होणं बाकी असलेला निधी तिथे दिसतो.

कोल्हापूरचा भूलतज्ज्ञ

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत, एकच भर. "एक भूलतज्ज्ञ द्या" असं लिहू नका. एका माणसावर चोवीस तासांची सेवा चालत नाही, त्यालाही झोप लागते, तोही गावी जातो. तीन-चार तज्ज्ञ एकाच ठिकाणी असतील तरच रात्रीचं सिझेरियन होतं. म्हणून प्रत्येक तालुक्याला एकेक वाटण्यापेक्षा दोन-तीन तालुक्यांत मिळून एक ठिकाण पूर्ण क्षमतेने चालवा आणि बाकी ठिकाणी पहिल्या तासाची सोय पक्की करा. घाट उतरून किंवा चढून आमच्याकडे आलेल्या बाळंतिणी मी पाहिल्या आहेत. रक्तस्राव सुरू असताना तीन तासांचा प्रवास म्हणजे काय, हे ज्याने टेबलावर पाहिलं तो कधी विसरत नाही.

वडिलांचं वय सत्तरच्या पुढे असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड लगेच काढा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे, उत्पन्नाची अट नाही, पाच लाखांचं संरक्षण आहे आणि योजनेत असलेल्या परराज्यातल्या रुग्णालयातही चालतं. कुठलं रुग्णालय कुठल्या योजनेत आहे ती यादी बदलत राहते, त्यामुळे निघण्यापूर्वीच विचारून ठेवा. फुले योजनेसाठी १५५३८८.

काजूबाग

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबा बहात्तरचे आहेत, कार्डाचं काम या आठवड्यातच करतो.

ठरावाचा मसुदा असा केला आहे, चुकत असेल तर सांगा:

"ही ग्रामसभा नवीन इमारतीची मागणी करत नाही. परिसरातील सध्याच्या संस्थांमध्ये (अ) छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी तज्ज्ञाकडून तपासून गुठळी विरघळवणारे इंजेक्शन चोवीस तास देण्याची सोय व्हावी. (आ) लगतच्या तालुक्यांसाठी एका ठिकाणी शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, फिजिशियन आणि पुरेसे भूलतज्ज्ञ निवासस्थानासह नेमावेत. (इ) पदे ठरवताना लोकसंख्येबरोबर अंतर आणि पावसाळ्यातील वाट विचारात घ्यावी. (ई) हद्दीवरील गावांतून लागलेला १०८ चा फोन दोन्ही राज्यांच्या नियंत्रण कक्षांनी एकमेकांकडे तत्काळ वर्ग करावा."

निवृत्त लेखा

मसुदा उत्तम आहे. दोन बदल करा. (अ) आणि (आ) साठी जिल्हा शल्यचिकित्सक आणि कोल्हापूरचे उपसंचालक, दोघांना वेगवेगळी पत्रं पाठवा, एकाच पत्रावर दोन नावं नकोत. (इ) हा धोरणाचा विषय, तो आरोग्य विभागाच्या सचिवांना आणि प्रत तुमच्या आमदारांना, म्हणजे अधिवेशनात प्रश्न लावता येईल. आणि शेजारच्या चार गावांनी हाच ठराव शब्दशः घेतला तर फार बरं. आवक नोंदवहीत एकाच आठवड्यात पाच सारखी पत्रं आली की कारकून ती साहेबांसमोर ठेवतोच. पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका.

डिचोलीची वहिनी

(ई) ची एक प्रत गोव्याच्या आरोग्य संचालनालयालाही पाठवा. कंट्रोल रूम दोन राज्यांच्या आहेत, एका बाजूने सांगून भागणार नाही.