मदत हवी आहे: १९९८ च्या एफ-१५० ला डाव्या बाजूने मागचं दार करता येईल का?

नमस्कार मंडळी,

आम्ही ओहायोत राहतो. माझ्याकडे १९९८ ची फोर्ड एफ-१५० सुपरकॅब (पुढच्या सीटमागे आणखी एक सीट असलेला पिकअप ट्रक) आहे, ४.६ लिटरचं व्ही-८ इंजिन. घेतली तेव्हा मी एकटा होतो, मागच्या सीटवर अवजारांची पेटी असायची. आता तिथे पाच वर्षांची लेक आणि तीन वर्षांचा मुलगा बसतात.

या मॉडेलला तिसरं दार फक्त पॅसेंजरच्या बाजूला आहे. ड्रायव्हरच्या मागे, म्हणजे डावीकडे, नुसता पत्रा आणि काच. लेक उजवीकडून आपली आपण चढते, पण धाकट्याची कारसीट माझ्या मागे. माझी सीट पुढे पाडायची, कमरेतून आत वाकायचं, त्याचं जाड जाकीट काढायचं (जाकिटावरून पट्टा घट्ट बसतच नाही) आणि मग चाचपडत बकल शोधायचं. परवा बर्फ पडत असताना त्याचं बोट बकलमध्ये चिमटलं. तो रडायचा थांबेना. तेव्हापासून हाच विचार डोक्यात आहे.

१९९९ पासून सुपरकॅबला दोन्ही बाजूंना मागची दारं आली. वाटलं, जंकयार्डातून तशा गाडीची डावी बाजू कापून आणावी आणि वेल्ड करून घ्यावी. ओळखीच्या वेल्डरने साफ नाही म्हटलं. तो म्हणाला, ते दार मागच्या बिजागरीवर उघडतं, पुढच्या-मागच्या दारांमध्ये खांब नाही, लॅच वर छताला आणि खाली उंबऱ्याला अडकतं. म्हणजे खांबाचं काम दारानेच करायचं. बाजूने धडक बसली तर त्याच्या जोडकामाच्या भरवशावर मूल बसलेलं असेल. मला ते पटलं.

मग अख्खी कॅबच (बसायची केबिन) बदलली तर? ती फ्रेमवर रबरी माउंटांवर बोल्टने बसवलेली असते. इथे बर्फ वितळवायला रस्त्यांवर टाकलेल्या मिठाने पत्रा खाल्लेला असतो, म्हणून ॲरिझोनासारख्या कोरड्या राज्यातली कॅब शोधतोय.

हे कोणी केलंय का? १९९९ नंतरच्या कॅबला माझ्या इंजिनाचं वायरिंग जुळतं का, की डॅशबोर्डही जुनाच बसवावा लागतो? व्हिनची (गाडीच्या ओळख क्रमांकाची) पट्टी डॅशवर असते, मग बीएमव्हीत (इथल्या वाहन नोंदणी कार्यालयात) आधी काय करून घ्यावं?

२००१ पासून पूर्ण चार दारांची सुपरक्रू मिळते, हे माहीत आहे. पण या गाडीच्या ब्रेकच्या नळ्यांपासून सगळं मी हाताने केलंय, तिचा आवाज ओळखतो. जमण्यासारखं असेल तर हीच ठेवायची आहे.