मदत हवी आहे: मेसोडिनियम (एकपेशी जीव) वंशवृक्षात सिलिएटांच्या, म्हणजे त्याच्याच केसाळ एकपेशी गटाच्या, फांदीवर बसतच नाही!

झुवारीकाठी
दोना पावलाजवळच्या लालसर पाण्यातून मेसोडिनियम रुब्रम वेचला. डीएनए सीक्वेन्स स्वच्छ आहे, पण ट्रीत (वंशवृक्षात) भलतीकडेच जातो. बूटस्ट्रॅप (फांदीच्या खात्रीचा आकडा) १००. परवा दाखवायचंय, लवकर सांगा.

खाजणकार
जीन कोणता? प्रायमर (जीनच्या प्रती काढायला लावतात ते छोटे डीएनए तुकडे) कोणते? आणि भलतीकडे म्हणजे कुठे?

झुवारीकाठी
१८एस (रायबोसोमचा जीन, ओळख पटवायला वापरतात तो), अजून कोणता! प्रायमर युक-ए, युक-बी. १० पेशी, गाळलेल्या पाण्यात ५ वेळा धुतल्या, २४ तास उपाशी ठेवल्या. बँड १७५० बेसच्या आसपास. क्रिप्टोफाइटांत (एकपेशी शैवालांत) जातो.

सूक्ष्मदर्शी
प्रोटार्गोल स्टेनिंग (सूक्ष्मदर्शकाखाली रचना दिसावी म्हणून चांदीचा रंग) केलंत का? त्याशिवाय नाव लावू नये.

खाजणकार
नावाचा प्रश्नच नाही इथे. ट्री बरोबर आहे, सीक्वेन्स मेसोडिनियमचा नाही. मेसोडिनियम क्रिप्टोफाइट गिळतो आणि त्याचं केंद्रक आत ३० दिवसांपर्यंत चालू ठेवतो. धुण्याने बाहेरचं जातं. एका दिवसाच्या उपासाने आतलं केंद्रक जायचं नाही. शिवाय मेसोडिनियमच्या १८एसमध्ये इतके बदल आणि गाळलेले तुकडे आहेत की सर्वसाधारण प्रायमर नीट चिकटत नाहीत. मग चोरलेल्या केंद्रकातल्या १८एसच्याच प्रती वाढतात.
डेटाबेसमधले रुब्रम, प्युलेक्स (मेसोडिनियमचीच दुसरी जात) आणि क्रिप्टोफाइट यांचे सीक्वेन्स एकत्र अलाइन करा, म्हणजे एकाखाली एक जुळवा. फक्त मेसोडिनियमला जुळेल असा २०-२२ बेसचा फॉरवर्ड प्रायमर काढा. ३ प्राइम टोकाचे (जिथून प्रत वाढते त्या टोकाचे) शेवटचे २-३ बेस क्रिप्टोफाइटशी जुळता कामा नयेत.

प्रथिनवाला
१८एसचा नाद सोडा हो. ट्रान्सक्रिप्टोम (पेशीतले सगळे आरएनए) करा, शंभरेक प्रथिनं जोडून ट्री काढा, आरएनएवरून प्रथिन वाचायला जनुकीय कोड टेबल ६.

खाजणकार
टेबल ६ टेट्राहायमेनाचं, तिथे यूएए-यूएजी हे एरवीचे थांबा-संकेत म्हणजे ग्लुटामिन. मेसोडिनियममध्ये तेच टायरोसिन, टेबल २९. आणि ट्रान्सक्रिप्टोममध्ये चोरलेल्या केंद्रकाचे आरएनए मिसळणार, ते कोण निवडणार?

बाजारपेठ
त्या पाण्यातल्या तिसऱ्या (शिंपल्या) खाव्यात का?

सूक्ष्मदर्शी
रुब्रम विषारी नाही. पण त्याला खाणाऱ्या डायनोफिसिस या एकपेशी जीवाचं विष शिंपल्यांत साठतं, शिजवूनही जात नाही.

प्रथिनवाला
बरं, २९. पण नव्या १८एसची फांदीही लांबच येणार. डायनोफ्लॅजेलेट (दुसरा एकपेशी गट) बाह्यगट, म्हणजे तुलनेसाठी बाहेरचा गट, म्हणून ठेवून एकदा आणि काढून एकदा चालवा. जागा बदलली तर लांब (खूप बदललेल्या सीक्वेन्सच्या) फांद्या एकमेकींना ओढताहेत, मग बूटस्ट्रॅप १०० असला तरी विश्वास नको.

झुवारीकाठी
प्रायमर यायला चार दिवस. परवा क्रिप्टोफाइटचीच ट्री दाखवतो. तिसऱ्यांसाठी वेगळा धागा काढा.